परकरांच्या ढिगावरची धुमाळी

महाडच्या बाजारपेठेत दुपारी एक ते चार काही घडत नाही. घडू दिलंच जात नाही. शटरं अर्ध्यावर येतात, गल्ल्यामागची माणसं घरी जाऊन भात जेवतात आणि उताणी पडतात. एखादी रिक्षा रस्त्याने जाते, तीसुद्धा जरा ओशाळून. या तीन तासांत मी, वय वर्षं अठ्ठेचाळीस, मॅचिंग सेंटरची मालकीण, एका शिक्षकाची बायको आणि लग्न झालेल्या दोन मुलींची आई, अर्ध्या शटरच्या आड मांडी घालून मृदंग वाजवायला शिकले. आणि पहिले आठ महिने तर मृदंगाशिवाय.

ते दृश्य आधी डोळ्यांसमोर आणा, मग कारण सांगते. पुराच्या गावात कापड कमरेच्या वर ठेवायचं असतं, म्हणून माझ्या दुकानात खालच्या दोन फळ्या रिकाम्या, आणि रंग सुरू होतात ते त्यांच्या वर. डाळिंबी, मोरपंखी, राणी, अबोली, चिंतामणी. शटरखालून उन्हाची एक पट्टी आत यायची, लादीवर लोळायची आणि तिचा उजेड हळूहळू त्या कापडांवर चढायचा. मी खाली बसलेली, विहिरीच्या तळाशी बसावं तशी, आणि डोक्यावर हे सगळे रंग पाण्यासारखे हलताहेत. उजव्या हाताशी टू बाय टूचा, म्हणजे ब्लाउजच्या सुती कापडाचा, घट्ट गुंडाळलेला तागा. डाव्या हाताशी परकरांचा ढीग. ताग्यावर बोटं पडली की कोरडा 'ता' यायचा, परकरांवर तळवा पडला की खोल, झोपाळू 'धुम्'. समोर स्टुलावर फोन टेकून ठेवलेला, आणि त्यातून, पोलादपूरच्या वरच्या डोंगरातून, वाऱ्यात मिसळलेला एक म्हातारा आवाज यायचा.

"धा धिं, धा तिं, तक धिं, धागे तिरकिट. हं. परत."

हा आवाज माझ्या नवऱ्याच्या चुलत्यांचा. नवरा त्यांना काका म्हणतो, म्हणून मीही काकाच म्हणते. आणि तो आठ मात्रांचा ठेका म्हणजे धुमाळी. भजनातला सगळ्यात गरीब, सगळ्यात कष्टाळू ठेका. मला तो एकच येतो. पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमची वाडी, म्हणजे माझ्या सासरची, कुडपणच्या अंगाला पठारावर आहे. घरं मोजायची तर कुलपंच जास्त मोजावी लागतात, माणसं मुंबईला. शेजारच्या मोठ्या गावातल्या देवळात दर माघात सप्ताह बसतो. सात दिवस भजन अखंड, आणि आसपासच्या प्रत्येक गावाला एकेका तासाची पाळी. पाळी आजच्या माणसांनी वाटून घेतलेली नसते, खापरपणजोबांपासून चालत आलेली असते. आमची सहाव्या दिवशी, अकरा ते बारा. वेळ काही मोठ्या मानाची नाही. मागे चुलाणावर आमटी उकळत असते आणि लोकांचं निम्मं लक्ष तिकडे. पण ती आमची आहे. कुलूप लागलेल्या घरातला माणूससुद्धा मुंबईत सांगतो, सहाव्या दिवशी अकराला आपली पाळी असते.

या पाळीत चाळीस वर्षं मृदंग वाजवला तो काकांनी. मग त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली. वैद्य झाले, डॉक्टर झाले, हात खांद्यापासून जागेवर आहे, फक्त ऐकत नाही. त्या माघात आमची पाळी नुसत्या टाळांवर झाली. नुसत्या टाळांचं भजन म्हणजे बिनमिठाची पेज. आमच्या मागोमाग बारा ते एक ज्या गावाची पाळी असते, त्यांचे बुवा दारातच उभे होते. अंगाने भरलेले, गळ्याने गोड, जिभेने तिखट.

"यांची पाळी आमच्यात घ्या की," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "दोन तास आम्ही वाजवतो. यांनी फक्त बसावं. चहा पण आमचाच."

देऊळ हसलं. आणि सप्ताहाच्या वडीलधाऱ्यांनी हसता हसता खरंच ठरवून टाकलं: एक वर्ष वाट बघू. पुढच्या माघात मृदंग नसला तर ही पाळी बुवांच्या गावाला.

त्या संध्याकाळी वाडीच्या ओटीवर बैठक बसली. मी चहा देत होते. माझे एक दीर, मुंबईत लिफ्ट दुरुस्त करतात आणि भजनात आमचे मुख्य गाणारे तेच, म्हणाले, "आपण मुंबईसून वाजवणारा आणू. पैसं देऊ नि आणू."

"भाड्याचा मृदुंग पाळीत चालत नाय," काका म्हणाले. "वाडीचंच माणूस लागतं."

"वाडीत माणूस हाय कुठं?"

पठारावरची संध्याकाळ खाली उतरत होती, गवताला पिवळा उजेड लागला होता, सगळे आपापल्या बशीत बघत होते, आणि माझ्याच्याने राहवेना. माझं तोंड नेहमी माझ्या आधी पोचतं.

"मी वाजवते," मी म्हटलं.

कपबशा वाजायच्या थांबल्या. एक म्हातारी चुलतसासू आतून ओरडली, "काय वाजवतंय गो ही?"

"अहो, ही ब्लाउजपिसं कापते," माझा नवरा घाईघाईने म्हणाला, जणू मला शिक्षा होणार होती आणि तो माझ्या वतीने माफी मागत होता.

काकांनी माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "कापते म्हंजी हात तं चालतो."

झालं. माझी नेमणूक झाली.

शिमग्याला वर गेले तेव्हा काकांनी मला समोर बसवलं. मृदंगाला उजवं आणि डावं अशी दोन तोंडं. उजव्यावर काळी शाई, तिथे बोटांचं नाजूक काम. डाव्यावर मोठा, ओला, घुमणारा आवाज. काकांचा फक्त डावा हात शिल्लक. म्हणजे त्यांना शिकवायचं होतं उजव्याचं काम, डाव्या हाताने. त्यांनी युक्ती काढली. ते माझ्या समोरासमोर बसले. त्यांचा डावा माझ्या उजव्यासमोर. "आरशात बघतंस तसं बघ," म्हणाले. मी बघत राहिले. म्हातारी, गाठाळलेली बोटं हवेत तिरकिट काढत होती आणि माझी गुबगुबीत बोटं समोरून त्यांच्यामागे धावत होती. दोन दिवस मी अर्ध्या आरशासमोर बसले होते. थांबायचं झालं की काका तो डावा हात वर करायचे. हात वर गेला की मी थांबायची. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी होती. मी ठेवली नाही.

"मृदुंग आताच नेऊ नको," निघताना ते म्हणाले. "पाऊस येल, खाली तुमच्यात चामडं नरमतं. दिवाळीपत्तुर माळ्यावर चुलीच्या धुरात राहू दे. आधी बोटं, मंग चामडं."

म्हणून परकर. म्हणून टू बाय टूचा तागा.

वाडीत फोनला रेंज नाही. पठाराच्या कडेला एक खडक आहे, त्यावर चढून पश्चिमेला तोंड केलं की मिळते. काका रोज जेवून खडकावर जायचे आणि दोन वाजता मला फोन लावायचे. मी ऐकायची, वाजवायची, ते ऐकायचे. परकरांवरचं वाजवणं फोनमधून त्यांना काय ऐकू येत असेल देव जाणे. पण चुकलं की त्यांना कळायचं.

"तिरकिट खाल्लास."

"नाही काका, वाजवलं."

"खाल्लास. मी इतून बघतोय."

आणि रोज, सगळं जुळून आलं, आता पुढचं सांगणार, की वारा यायचा. "आता समेवर येऊन ठेका तोडायचा कसा, ते—" खर्रर्र. गेला. रेंज गेली की गेली. मी फोन उपडा घालायची आणि तशीच वाजवत राहायची, चार वाजता पहिलं गिऱ्हाईक शटरवर टकटक करेपर्यंत. मनात म्हणायची, तोडायचं काय शिकायचंय त्यात? हात उचलला की थांबलं.

पावसाळ्यात खडक घसरडा झाला तेव्हा फोन आठवड्यातून एकदा यायला लागला. त्या महिन्यांतल्या दुपारी मला अजून स्वप्नासारख्या आठवतात. बाहेर पाऊस असा की रस्त्याचा आवाजच नाही. आत दिवा नाही. ओल्या उजेडात रंग एकमेकांत उतरलेले, कुठे अबोली संपते आणि कुठे डाळिंबी लागते कळत नाही, आणि मी मात्रांच्या मागे मात्रा सोडते आहे, पाण्यात पानं सोडावी तशी. आठ गेली की आठ येतात. हळूहळू मला ठेका सगळीकडे ऐकू यायला लागला. भाकरी थापताना धा धिं. नवऱ्याच्या घोरण्यात धा तिं. शिवणयंत्रावर फॉल लावणारी बाई पाय चालवते त्यात तक धिं. एकदा सावित्रीच्या पुलावर उभी होते, खाली पाणी तांबडं, जड, वाकून वाकून चाललेलं, आणि मला स्पष्ट वाटलं की ही बया धागे तिरकिट करत समुद्राकडे निघालीय आणि हिलाही थांबायचं ठाऊक नाही.

"या वयात बायका योगासनं शिकतात," नवरा म्हणाला.

"योगासनात आवाज कुठे असतो?" मी विचारलं.

"तेच म्हणतोय मी."

एक गिऱ्हाईक होती, माझ्याच वयाची, नवरा कुवेतला. ती चारच्या आधीच यायची, कारण दुपार तिलाही लांब पडायची. एकदा तिने शटरखालून वाकून पाहिलं. मी डोळे मिटून परकर बडवत होते.

"दुकान चालू हाय की अंगात आलंय?" तिने विचारलं.

"दोन्ही. काय देऊ?"

"जांभळा परकर. पण तो नको गो, ज्याला मारतंस तो. दुसरा दे."

मग ती स्टुलावर बसून अर्धा तास ऐकत राहिली. तिच्या डोळ्यांवर झापड आली. जाताना म्हणाली, "झोप लागली बघ. किती दिसांनी." तेव्हापासून माझी समजूत आहे की मी बरी वाजवते.

दिवाळीनंतर मृदंग आणायला गेले. धुराने त्याचं लाकूड चांगलं काळंभोर झालेलं. येताना एसटीत मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर जवळ येऊन थांबला.

"लगेज लागंल ताई."

"माझ्या मांडीवर बसलंय, लगेज कसलं? पाच वर्षांच्या आतल्यांना तिकीट नसतं."

"हे पाच वर्षांच्या आतलं हाय?"

"अजून बोलायला लागलं नाही."

तो हसला आणि पोलादपूर येईपर्यंत येता-जाता मृदंगाच्या पाठीवर थोपटत राहिला. एक आजी खिडकीतून बघत म्हणाली, बाळ शांत हाय हो. सगळी गाडी हसली आणि घाटाची वळणं कधी संपली कळलं नाही.

घरी येऊन मी पहिल्यांदा खरा हात मारला, आणि डावं तोंड मेलेलं. नुसतं फट्. तेवढ्यात आठवलं, काका डाव्या तोंडावर पीठ मळून चिकटवतात, म्हणून ते घुमतं. मी स्वयंपाकघरात गेले, डबा काढला, पीठ मळलं, मस्त गोळा थापून चिकटवला. आवाज आला! काय तो आवाज, साक्षात मेघ. पाच मिनिटं मी आमच्या इमारतीची राणी होते. सहाव्या मिनिटाला पिठाला भेगा पडल्या. सातव्याला तुकडे उडाले. एक माझ्या चष्म्यावर, एक नवऱ्याच्या तपासत असलेल्या वह्यांवर, एक थेट पंख्यावर, आणि पंख्याने तो उदारपणे सगळ्या खोलीला वाटला.

दुसऱ्या दिवशी खडकावरून काकांनी विचारलं, "पीठ कसलं लावलास?"

"घरचं. भाकरीचं."

फोनमध्ये बराच वेळ नुसता वारा. मग लक्षात आलं, वारा नाही, काका हसताहेत. तांदळाच्या पिठाला चिकटपणा कुठला? मृदंगाला गव्हाची कणीक लागते. पण आमच्या घरात डबा उघडला की हाताला तांदूळच येतो, त्याला मी काय करू? "कोकणातली सून," काका दम लागेपर्यंत म्हणत होते, "मृदुंगाला भाकरी चारली!" ही गोष्ट दोन दिवसांत पठारभर झाली. मुंबईहून दिरांचा फोन आला, वहिनी, मासळीचं कालवण पण वाढलंत का.

मग माघ आला.

सहाव्या दिवसाच्या सकाळी वाडी माणसांनी भरली. मुंबईवाले खासगी बसने आलेले, न झोपलेले, तरी पांढरे सदरे कडक. ओटीवर आम्ही दोन अभंगांची तयारी केली. काका शेजारी बसले होते. अभंग संपत आला की डावा हात वर करायचे, मी थांबायची, सगळे थांबायचे. दीर म्हणाले, "वहिनी, झकास. हिते जसं, तसंच तिथं."

थंडीतलं ऊन पायवाटेवर सांडलं होतं. मृदंग दिरांच्या खांद्यावर, मागून मी, नवी साडी, जुने गुडघे. गवताला वाऱ्याची लाट यायची आणि सगळं पठार जरासं तरंगल्यासारखं व्हायचं. भीती वाटत होती का? वाटत होती. इतकी वर्षं कुलपांना सांभाळणारी ती एक तासाची पाळी माझ्या दहा बोटांत होती, आणि बोटं थंडीने आखडली होती.

देवळात आधीच्या गावाची पाळी संपत आली. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि सात दिवस तारा वाजत राहतात. आमच्याकडून वीणा कोणी घ्यायची? वडीलधारे म्हणाले, काकांनी. त्यांना टाळ धरता येत नाही, चाळीस वर्षं सेवा केलेली, मान त्यांचाच. काकांच्या गळ्यात वीणा आली. उजवा हात भोपळ्यावर नुसता ठेवला आणि डाव्याने ते तारा छेडू लागले. सगळ्यांना गहिवरून आलं. मलाही. कोणाच्याही लक्षात आलं नाही की माझा थांबण्याचा हात आता वीणेत अडकला आहे.

अकराला सुरू केलं. धा धिं, धा तिं. पहिल्या दोन आवर्तनांत मी मनात मात्रा मोजत होते. तिसऱ्यात डावा 'धुम्' देवळाच्या लाकडी खांबांत गेला आणि तिथून परत आला, आणि मला कळलं की परकरांखाली इतके महिने हाच आवाज झोपला होता. टाळ आले. दिरांचा गळा आला. पेंगणारी माणसं सरळ बसली. बुवा दारात उभे होते, त्यांचा चेहरा जरा लांबला. बघितलं मी. कौतुकाने बघितलं.

पहिला अभंग संपला. म्हणजे दिरांनी संपवला. मी काकांकडे बघितलं. काकांचा हात तारांवर. मी वाजवत राहिले. दिरांनी मला बघितलं, मी त्यांना. वाडीची रीत आहे, मृदंग चालू असताना टाळ टाकायचा नाही. त्यांनी शेवटची ओळ परत घेतली. परत एकदा. मग त्यांनी, अनुभवी माणूस, त्याच ठेक्यात दुसरा अभंग सुरू केला. मग तिसरा. काका भुवया उडवत होते. मला वाटलं, खूश आहेत. मी जोर लावला. त्यांनी डोळे मोठे केले. मी लय वाढवली.

हात उचलला की थांबलं, असं मला वाटायचं ना? मधेच हात उचलून बघा. तीस माणसं धावताहेत आणि तुम्ही वाटेतली फळी काढून घेणार. मृदंग अर्ध्यात पडला तर गेली पाळी, वर्षभराचं सगळं गेलं. तोडण्याचे काहीतरी बोल असतात, ते मला ठाऊक नव्हते. ते सगळे खडकावरच्या वाऱ्यात गेले होते.

मग भीती केव्हातरी संपली. आठ येतात, आठ जातात. खांब जवळ आले, लांब गेले. दिव्याची ज्योत धिं म्हणाली. छपराच्या फटीतून उन्हाच्या सळया आल्या होत्या, त्यांत बुक्क्याची पूड तरंगत होती, आणि मला वाटलं मी दुकानातच बसले आहे, दुपारचे दोन, वर मोरपंखी हलतोय. बोटं माझी राहिली नव्हती. वाडीच्या बायका मागे उभ्या राहून हुंदके देत होत्या. एकीने पुढे येऊन माझ्या कपाळाला बुक्का लावला. दुसरी पाया पडली. वहिनींची समाधी लागली, कोणीतरी पुटपुटलं. लोक अजून तसंच मानतात. मीही आजवर खुलासा केलेला नव्हता.

बारा वाजून गेले. सव्वाबारा. आमटीचा वास देवळात येऊन, वाट बघून, परत गेला. दीर पाचव्या अभंगातून पुन्हा पहिल्यात आले होते, त्यांचा सदरा अंगाला चिकटला होता, आणि त्यांच्या नजरेत आता भक्ती नव्हती, विनवणी होती.

शेवटी बुवांना राहवेना. त्यांची पाळी सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. ते माणसांतून वाट काढत पुढे आले, काकांच्या गळ्यातली वीणा काढली, पाळीच्या रीतीप्रमाणे स्वतःच्या गळ्यात घातली आणि तारा छेडू लागले. काकांचा डावा हात सुटला. काका वाकले, माझ्यासमोर बसले, आणि तो हात वर न करता सरळ मृदंगाच्या डाव्या तोंडावर आला, माझ्या हाताखाली. तिटकत गदिगन धा. तीनदा. उजव्याला माझी बोटं आरशासारखी त्यांच्यामागे गेली, अर्धी बरोबर, अर्धी कशीतरी. तिसरा धा पडला आणि देऊळ थांबलं.

इतकी शांतता मी महाडच्या दुपारीसुद्धा ऐकली नव्हती. फक्त बुवांच्या गळ्यातली वीणा टुणटुणत होती.

"झालं का बाई?" बुवांनी विचारलं. "का जेवून पुढचं?"

बुवांनी आपल्या चाळीस मिनिटांत जेमतेम भजन उरकलं. मग पंगत बसली, आणि पंगतीतच भांडण.

"वीस मिनिटं खाल्ली आमची," बुवा म्हणाले.

"मृदुंग पायजे म्हणालात, दिला," दीर म्हणाले. त्यांचा घसा बसला होता, त्यामुळे हे सगळं कुजबुजीत. "कमी पडला का?"

सप्ताहाचे सगळ्यात वयस्कर गृहस्थ भाताला आळं करत होते. आधी त्यांनी आमटी ओतून घेतली. मग म्हणाले, "मृदुंग वाजला. वाडीचंच माणूस वाजवलान. पाळी त्यांची." वाडीच्या बायकांत एकदम हालचाल झाली. "पण वीस मिनिटं फेडायला लागतील. म्होरल्या साली यांची पाळी अकरा ते अकरा-चाळीस. बुवांची तिथून म्होरं."

बुवांनी मान डोलावली. आम्हीही. अकरा ते अकरा-चाळीस, पण आमची. दिरांनी मुंबईला लगेच फोन लावायला घेतला आणि रेंज नाही म्हणून पान सोडून उठून कडेच्या खडकाकडे धावत गेले, तसेच, हात न धुता.

वाजवणाऱ्यांना त्या पंगतीत एका ओळीत बसवतात, म्हणून मी काकांच्या शेजारी होते. ते डाव्या हाताने जेवत होते. मधेच त्यांनी तो हात पत्रावळीच्या कडेला पुसला.

"चाळीस मिनटात थांबायचं हाय आता," म्हणाले. "ऐक."

आणि सारवलेल्या जमिनीवर बोटांनी: तिटकत गदिगन धा. तिटकत गदिगन धा. तिटकत गदिगन — इथे ते जरासे थांबले, माझ्याकडे बघितलं — धा.

मी उजव्या हाताची आमटी चाटली आणि जमिनीवर वाजवलं.

"गदि खाल्लास."

"नाही खाल्लं काका."

"परत."

वाढणारा भाताचं घमेलं घेऊन समोर उभा होता, वाढू का, वाढू का विचारत होता. मी मात्रा मोजत होते. तो वाढत राहिला.